ब्याऐंशी मिलिमीटरची भानगड

कोल्हापुरात सध्या चांगल्या घरची माणसं भर रस्त्यात दुसऱ्याच्या गाडीच्या चाकापाशी उकिडवी बसताना दिसतात. शाहूपुरी असो की टाकाळा, सकाळ असो की रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली. उभी गाडी दिसली आणि आजूबाजूला कुणी नाही असं वाटलं, की इस्त्रीच्या शर्टातला माणूस खाली बसतो, खिशातून व्हर्नियर काढतो आणि चाकाच्या दोन नटांमधलं अंतर मोजतो. बहुतेक वेळा चेहरा पडतो. मग उठून, गुडघे झटकून, आपण त्या गावचेच नाही अशा थाटात चालू लागतो. परवा राजारामपुरीत एका जिप्सीवाल्यानं असा एक जण रंगेहाथ पकडला. चोर समजून कॉलर धरली, तर निघाले दातांचे डॉक्टर. "चाक चोरायलोय व्हय मी? नुसतं माप घ्यायलोय!" डॉक्टरांची बाजू ही. माप किती भरलं असं विचारल्यावर त्यांनी "ब्याऐंशी" हा शब्द इतक्या हळव्या आवाजात उच्चारला म्हणे, की जिप्सीवाल्यानं घाबरून कॉलरच सोडली.

ब्याऐंशी मिलिमीटर. आकडा ध्यानात ठेवा. या आकड्यापायी गावात जे चाललंय ते ऐकून तुम्ही कानावर हात ठेवाल, आणि मग बोटं जराशी फाकवून पुढचंही ऐकाल.

झालंय असं, की गावाला जुन्या पिकअपचं वेड लागलंय. बुलेट झाली, येझदी झाली, आरएक्स हंड्रेड तर घरोघरी झाली. आता ज्या गाडीतून एके काळी गुळाच्या ढेपा, पेंडीची पोती आणि लग्नातली भाड्याची भांडी जायची, ती गाडी दारात हवी. चालायला हवी असं नाही. दारात हवी. गुजरीतल्या एका सराफानं म्हणे अशी एक गाडी निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीतून ओढून आणली. आत उंदरांचं बिऱ्हाड होतं, टपावर वडाचं रोप होतं, आणि चारही चाकं गायब. गाडी विटांवर उभी. सराफ रोज सकाळी देवपूजा झाली की तिच्याभोवती एक फेरी मारतात. बायकोनं विचारलं, "हिला चाकं कधी येणार?" तर म्हणाले, "शोध चालू हाय." लेकीसाठी स्थळ बघतानाही त्यांनी इतका शोध केला नव्हता, असं त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचंच मत आहे.

आणि खानदानाची काय ती मिजास! शेवरलेटवाले आपली वंशावळ १९२८ पासून सांगतात, कारण त्या वर्षी जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना सुरू केला. डॉज आणि फार्गोवाले वालचंद हिराचंदांचं नाव घेऊन कान पकडतात. १९४४ ची प्रीमियर ऑटोमोबाईल्स, कुर्ल्याचा कारखाना, झालंच तर वालचंद आपल्या सोलापूरचे, म्हणजे जवळजवळ घरचेच. जीपवाल्यांची आणखी वेगळी ऐट. महिंद्रांचं आणि अमेरिकेच्या विलिसचं सूत जुळलं १९४७ साली, म्हणजे देश आणि आमची गाडी बरोबरीचे, हे वाक्य ते कुणी विचारलं नाही तरी टाकतात. युद्धानंतर सरकारनं विकायला काढलेल्या डिस्पोजलच्या मालातली जीप असेल, तर मग बोलायलाच नको. तो माणूस चहासुद्धा उभ्यानं पितो, लष्करात असल्यासारखा.

आता एखादा शहाणा विचारेल, की कोल्हापुरात चाकाला काय कमी? शिरोलीला जा, गोकुळ शिरगावला जा, भट्ट्या पेटलेल्या आहेत. देशोदेशीच्या गाड्यांना आणि ट्रॅक्टरना लागणारं ओतीव लोखंड या जिल्ह्यातून जातं. मेनन पिस्टन इथला. घाटगे-पाटलांनी आधी ट्रक पळवले आणि मग फाउंड्री काढली, तीही इथेच. उद्यमनगरात एखाद्या बोळात शिरलात, तर गिअरचा दात पडलेला घेऊन आत जाता येतं आणि चहा पिऊन होईतो दात बसवून बाहेर येता येतं. अशा गावात चार चाकांसाठी रडारड?

तर रडारड आहे, आणि तिचं कारण गमतीचं आहे. गाडी भंगारात निघाली की सगळ्यात आधी तिची चाकं जातात. इंजिन जड, उचलायला चार माणसं लागतात. पत्रा काढायला गॅसकटर लागतो. चाक मात्र पाना असला की दहा मिनिटांत सुटतं आणि ढकलत नेता येतं. शिवाय उपयोगी. त्यामुळे गाडी वखारीत पन्नास वर्षं बसून राहिली, पण तिची चाकं केव्हाच संसाराला लागली. कुठं? तिथंच तर खरी भानगड आहे.

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला, की कसबा बावड्याच्या राजाराम कारखान्याकडे उसाच्या गाड्यांची रांग लागते. बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरमागं ओढल्या जाणाऱ्या त्या छोट्या गाड्या, ज्यांना आपल्याकडे अंगद म्हणतात. गाडीवान रात्रभर नंबराची वाट बघत थंडीत शेकोटीला बसलेले असतात. अशा वेळी अंधारातून मोबाईलची बॅटरी चमकवत एक मफलरवाला येतो, बैलांना वळसा घालतो आणि चाकापाशी बसतो. पहिल्यांदा गाडीवानांना वाटलं, कारखान्याचा माणूस असेल, वजनात खोट काढायला आला असेल. मग कळलं, हा तर वकील आहे, डॉजसाठी चाक शोधतोय. आता तर गाडीवानही तयार झालेत. बॅटरी दिसली की लांबूनच ओरडतात, "न्हाई वो, एकोणीस इंची हाय! पुढच्याला इचारा!"

बरोबरच आहे त्यांचं. बैलगाडीसाठी जे खास टायर निघतात, त्यांचं चालतं माप एकोणीस इंच. जुन्या जीपला हवं सोळा इंच. पण रांगेत अधूनमधून एखादी अशी गाडी निघते, की तिच्या आज्यानं कुठल्याशा लिलावात घेतलेला आख्खा आस चाकांसकट तिला लावलेला असतो. तशी एक गाडी गेल्या हंगामात सापडल्याची वदंता आहे. वकिलांनी जागेवरच पाकीट काढलं. गाडीवान म्हणाला, "साहेब, चाक देतो, पर ऊस कशावर न्यायचा? तुमच्या डोक्यावर?" सौदा मोडला. वकील मात्र अजून त्या गाडीवानाच्या गावी सणासुदीला मिठाई पाठवतात, म्हणजे हंगाम संपल्यावर विसर पडायला नको.

बरं, चाक सापडलं तरी बसलं पाहिजे ना! इथं गावाचे सरळ दोन तट पडलेत. पाच बोल्टवाले आणि सहा बोल्टवाले. मिरजकर तिकटीच्या चहाच्या टपरीवर दोघांची बाकं वेगळी. जीप, आणि फोर्डची जुनी हलकी पिकअप, ही पाच भोकांची. शेवरलेटची अर्ध्या टनाची पिकअप सहा भोकांची. गंमत म्हणजे दोन्हीकडे ही भोकं ज्या वर्तुळावर पाडलेली असतात, त्याचा व्यास एकच: १३९.७ मिलिमीटर. असला अर्धवट आकडा कुणाच्या डोक्यातून निघाला म्हणून डोकं खाजवू नका. अमेरिकेत तो सरळ साडेपाच इंच होता. डॉजच्या हलक्या पिकअपलाही पाचच भोकं, पण वर्तुळ साडेचार इंचांचं, म्हणजे ११४.३. त्यामुळे डॉजवाल्याला पाचवाले आपल्यात घेत नाहीत आणि सहावाल्यांकडे जायचा प्रश्नच नाही. वकील एकटे बसतात ते त्यामुळे.

सहा भोकं असली तर समोरासमोरच्या दोन भोकांचं अंतर मोजलं की व्यास मिळतो, शेंबडं पोरही मोजेल. पाच भोकांत समोरासमोर काहीच येत नाही. मग शेजारच्या दोन बोल्टांचं अंतर मोजायचं, त्याला १.७ नं गुणायचं, की व्यास आला. साडेपाच इंची वर्तुळात हे शेजारचं अंतर भरतं ब्याऐंशी मिलिमीटर. डॉक्टरांच्या आवाजाला कापरं भरलं ते या ब्याऐंशीपायी. डॉजच्या वर्तुळात ते सदुसष्ट. ज्या माणसाला स्वतःच्या मुलाची इयत्ता सांगताना बायकोकडे बघावं लागतं, तो माणूस दशांशचिन्हासकट १.७०१ चा पाढा म्हणतो. कलियुग म्हणतात ते दुसरं काय असतं?

मारुतीच्या जिप्सीला हेच पाच बोल्ट आणि हाच १३९.७, म्हणून जिप्सीवाले सध्या गाडी कुलपात ठेवतात. पण जिप्सीचं चाक पंधरा इंची. जीपच्या पिकअपला लावलं तर बसतं, चालतं, आणि गाडी गुडघ्यात वाकल्यासारखी दिसते. शिवाजी पेठेतल्या एकानं तशी लावली. पेठेत त्याच्या गाडीला जे नाव पडलंय ते इथं छापता येत नाही.

सहावाल्यांची वेगळीच चैन. नव्या थारला सहा बोल्ट, १३९.७. टोयोटाच्या फॉर्च्युनरला तेच. इसुझूच्या पिकअपला तेच. आणि कोल्हापुरातला नवा थारवाला काय करतो? शोरूममधून गाडी घरी न्यायच्या आधी कंपनीची चाकं काढून टाकतो आणि दीडपट रुंद अलॉय घालतो. ती काढलेली कोरी चाकं दुकानाच्या मागं पडून असतात. शेवरलेटवाल्यांनी त्यावर झडप घातली. सत्तर वर्षांच्या म्हातारीला कालच्या पोराचे बूट! भोकं जुळली. मग कळलं, की चाकाचा मधला घेर हबवर चढत नाही. तो लेथवर मोठा करून घेतला, तर कळलं की नव्या चाकाची बैठक अशी, की चाक आत सरकतं. सरळ रस्त्यावर काही नाही, पण वळणावर टायर पाट्याला घासतो आणि गाडीतून रबर जळल्याचा वास येतो. एका मालकाच्या मातोश्री तो वास घेऊन म्हणाल्या, "दृष्ट काढलीस ते बरं केलंस."

टायरचीही तीच तऱ्हा. जुन्या जीपला लागतो ६.००-१६. तो बाजारात मिळतो, नाही असं नाही. पण त्याच मापाचा आणखी एक टायर प्रत्येक तालुक्यात सर्रास मिळतो, ट्रॅक्टरचा पुढचा, तीन उभ्या पट्ट्यांचा. कागलकडच्या एका बागायतदारानं तोच चढवला. दिसायला रुबाबदार, यात वाद नाही. फक्त तो टायर ताशी तीस-चाळीसच्या वर पळवायला केलेलाच नसतो. त्यामुळे हे गृहस्थ पुणे-बंगळूर महामार्गावर तीसच्या वेगानं जातात, मागं हॉर्नची वरात, आणि यांना वाटतं लोक गाडीचं कौतुक करायलेत.

आता ती उलट्या आट्यांची गोष्ट ऐका, कारण त्या दिवशी गंगावेशीत गर्दी जमली होती. जुन्या जीपच्या, आणि डॉजसारख्या क्रायस्लरच्या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. चाक फिरताना नट आपोआप सैल पडू नये म्हणून त्या काळच्या इंजिनिअरांनी योजलेली युक्ती. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला असतो, पण तो बघायला गंज खरवडायला लागतो, आणि खरवडतंय कोण? एका तालमीतलं पोरगं उत्साहानं पुढं झालं. उजव्या बाजूचं चाक फुलासारखं सुटलं. डावीकडं आलं. नट हलेना. पोरानं पान्याला पाईप लावला. हलेना. मग पोरगं पाईपवर उभं राहिलं. मग त्याच्या जोडीला दुसरं. जोर, बैठका, "जय बजरंग बली", आणि कडाड! स्टड मुळातून तुटून हातात. तेवढ्यात दूध कट्ट्यावरनं एक म्हातारा ओरडला, "आरं मर्दा, उलटा फिरीव की! डावीकडचा हाय त्यो!" त्यांनी म्हणे पन्नास वर्षांमागं कुणाची तरी जीप चालवली होती. आता त्या आजोबांना सकाळी सहाला उठवून चहाला न्यायला तीन-तीन मालक दारात उभे असतात. सून वैतागलीय.

इथं थट्टा जरा बाजूला ठेवून एक सांगते. युद्धकाळच्या लष्करी जीपला कधी कधी दोन तुकड्यांचं रिम असतं, बोल्टांनी जोडलेलं. टायरमधली सगळी हवा काढल्याशिवाय ते बोल्ट सोडवायचे नसतात, कारण आतली हवा तो लोखंडी तुकडा तोफेगत बाहेर फेकते. मोठ्या जुन्या ट्रकांच्या कडीवाल्या रिमचंही तसंच. आपल्याकडचे जाणते पंक्चरवाले हवा भरताना कडीभोवती साखळी बांधतात आणि मालकाला हाकलून लावतात. मालक तरी फोटो काढायला जवळ जातो. त्याला पुन्हा हाकललं पाहिजे.

असो. मूळ लफड्याकडे येऊ.

लफडं असं, की चाक "ओरिजनल" पाहिजे. नुसतं बसणारं नको. अमेरिकेत या जुन्या ट्रकांसाठी नवीकोरी, जुन्या वळणाची पोलादी चाकं करणारे कारखाने आहेत. ते चाक मागवलं, तरी आमचे लोक नाक मुरडतात, कारण ते नवं. केल्सी-हेजचा ठसा दाखवा, मग बोला. ती अमेरिकन कंपनी तेव्हा जीपची चाकं बनवायची. चेन्नईजवळ पाडीला व्हील्स इंडिया नावाची कंपनी १९६० पासून आहे, तिचं उत्तम चाक पुढ्यात ठेवलं तर म्हणतात, "देशी हाय." अरे, तू देशी, तुझं जेवण देशी, गाडी ज्या खड्ड्यात जाणार तो खड्डा देशी, आणि चाकाला तेवढा अमेरिकेचा जन्मदाखला?

युद्धात फोर्डनंही जीप बनवली, आणि फोर्डनं आपल्या भागांवर इंग्रजी एफ उठवला. त्या एफसाठी माणसं वेडी झालीत. मग काय, जिथं मागणी तिथं पुरवठा. अमुक बोळात छिन्नी-हातोडीनं एफ उठवून मिळतो अशी कुजबूज आहे. एका बांधकामवाल्यानं आपल्या पाचही चाकांवर एफ दाखवून जेवणावळ घातली, तांबडा-पांढरा, सगळा थाट. पान खाता खाता कुणीतरी खाली वाकून बघितलं, तर एका चाकावरचा एफ उलटा. आरशात बघितल्यागत. पाहुण्यांनी रस्सा ओरपला होता, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. मिठाला जागणारं गाव आहे.

आणि खरी चाकं कुठून येतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. वडापमधून! गारगोटी, राधानगरी, गगनबावड्याच्या रस्त्यांवर एके काळी ज्या कमांडर जीप पळायच्या, आत वीस आणि टपावर कोंबड्या, त्यांची चाकं. महिंद्रांनी विलिसकडून घेतलेली पाच भोकांची मांडणी पुढं कित्येक वर्षं जशीच्या तशी ठेवली. सोळा इंच तेच, ब्याऐंशी तेच. वडापच्या जीपचं चाक राजेशाही पिकअपला असं बसतं, की नट हातानं फिरतात. इतकं सोपं. पण हे तोंडातून निघेल तर शपथ! रात्री पोत्यात घालून आणतात, वाळूचा मारा करून रंग काढतात, नवा रंग देतात, आणि सकाळी सांगतात, "हुबळीला एका कर्नलच्या बंगल्यात मिळाली." हुबळीत इतके कर्नल असतील तर सीमेवर कोण आहे हा प्रश्न संरक्षण खात्याला विचारायला हवा.

आणि ज्याला वडापचंही मिळत नाही, तो जातो उद्यमनगरात. तिथल्या एका मेस्त्रींबद्दल मी बोलतेय. नाव घेत नाही, कारण त्यांच्याकडे जाणारे सगळे माझ्या ओळखीचे आहेत आणि सगळ्यांनी आपण तिथं कधी गेलोच नाही असं सांगितलंय. मेस्त्री काय करतात? जुन्या चाकाची मधली डिस्क शाबूत असेल आणि कडेचं रिम गंजून चाळण झालं असेल, तर डिस्क सोडवून घेतात, दुसऱ्या चांगल्या रिममध्ये बसवतात, वेल्डिंगच्या आधी आणि नंतर डायल लावून चाक फिरवून बघतात. काटा थरथरला की सगळं उखडून पुन्हा. मालक म्हणतो, "मेस्त्री, एवढं काय त्यात, थोडं हललं तर चालतंय." मेस्त्री म्हणतात, "तुमाला चालतंय, चाकाला चालत न्हाई."

दोन गोष्टींना ते सरळ नाही म्हणतात. एक, भोकं लांबवणं. ११४ चं चाक १३९ वर ओढून बसवायला कानशीनं भोकं लांब करून द्या म्हणणाऱ्या एकाला त्यांनी दुकानाबाहेर उभं केलं होतं, शाळेतल्यासारखं. दुसरी गोष्ट नटांची, आणि ही भयंकर आहे. जीपचा जुना स्टड अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटर, इंचाला वीस आटे. जिप्सीचा स्टड १२ मिलिमीटर. आटे मात्र दोघांचे जवळपास सारखे, एकाचं अंतर १.२७ तर दुसऱ्याचं १.२५. एका भल्या माणसानं हबमध्ये नवे १२ चे स्टड घालून घेतले आणि नट जुनेच ठेवले. का? तर ते ओरिजनल! अर्ध्या इंचाचा नट बारीक स्टडवर जातो, फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो, आणि आतून अर्ध्या आट्यांवर लटकत राहतो. मेस्त्रींनी तो नट नुसता बोटानं डुलवून दाखवला. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. नट मात्र त्यानं फेकले नाहीत, काचेच्या कपाटात ठेवलेत, गणपतीच्या शेजारी.

आता मला सांगा, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? परदेशी कॅमेरा मिळेना म्हणून बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला या गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि त्यावर १९२० साली 'सैरंध्री' काढला. तो कॅमेरा ओरिजनल होता का, असं अजून कुणी विचारलेलं नाही. आणि त्याच गावात मेस्त्रीच्या हातचं चाक लावून हिंडणारा माणूस सांगतो, की चाक हुबळीच्या कर्नलचं! मेस्त्री दुकानासमोरून गेले तर हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात निर्लज्जपणा असेल तर एवढाच. बाकी चाक मोजणं, बैलगाड्या धुंडाळणं, एफ कोरणं हे सगळं मी माफ करायला तयार आहे.

सरकारी बाजूही सांगून टाकते, म्हणजे कुणी मला अर्धवट म्हणायला नको. २०२१ च्या जुलैत केंद्रानं जुन्या गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी असेल तर 'व्हीए' अशी खास नंबरमालिका, नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांनी पुन्हा करायची तर पाच हजार. अट अशी, की ही गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, किंवा पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी न्यायची. नियम वाचून आमच्या लोकांनी काय अर्थ काढला असेल? दर रविवारी सकाळी पन्हाळ्याच्या रस्त्यानं जुन्या गाड्यांची माळ लागते. कुठं निघालात? "पेट्रोल भराय." पन्हाळा वीस किलोमीटर. वाटेत पंप लागतात त्याचं काय? "तिथलं पेट्रोल हिला सोसत न्हाई." वर झुणका-भाकरी, पिठलं, दही, आणि परत येताना सगळे दुरुस्तीला चाललेले.

दसऱ्याला राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा या मंडळींचे चेहरे बघण्यासारखे असतात. अख्खं गाव सोनं लुटायला जमलेलं, आणि हे दहा-बारा जण मान तिरकी करून त्या मोटारीची चाकं न्याहाळतायत. एकानं म्हणे तिथंही खिशात हात घातला होता. शेजारच्यानं मनगट धरलं म्हणून थोडक्यात इज्जत वाचली.

आणि आता जे सांगणार आहे ते ताजं आहे, अजून वाफ निघतेय. अलीकडच्या एका रविवारी रंकाळ्याच्या काठी या सगळ्यांनी आपापल्या गाड्या ओळीनं लावल्या. पोरंबाळं, भेळ, सेल्फी. प्रत्येक गाडीपुढं पाटी, आणि प्रत्येक पाटीवर 'मूळ चाके' हे शब्द. सराफ होते, बागायतदार होते, उलट्या एफवाले होते. आणि कुठून कोण जाणे, फेरफटका मारत मेस्त्री आले. मागं हात बांधलेले. ओळीत एकदम शांतता. कुणी आकाशाकडे बघतंय, कुणी तळ्याकडे. एकाला अचानक फोन आला, न वाजता. मेस्त्री पहिल्या गाडीपाशी थांबले, पायानं चाकाला हलकंच टिचकी मारली, आवाज ऐकला, पुढं गेले. दुसरी गाडी. टिचकी. पुढं. चेहऱ्यावर काही नाही. कुणाचं बिंग फोडायचा माणसाचा इरादाच दिसेना, आणि त्यामुळे मालकांचा घाम आणखीच वाढलेला.

ओळीच्या शेवटी एका निवृत्त मास्तरांची पिकअप होती. गरीब माणूस, पाटीबिटी नव्हती. मेस्त्रींनी टिचकी मारली आणि थबकले. पुन्हा मारली. खाली बसले, डिस्कवरनं अंगठा फिरवला.

"मास्तर, ह्ये चाक माझ्या हातचं न्हवं."

"नाही, नाही," मास्तर ओशाळून म्हणाले, "ते गाडीबरोबरच आलं होतं. मी काही केलेलं नाही हो."

"ओरिजनल हाय. केल्सी-हेज. ह्या ओळीत तेवढं एकच." हे ते इतक्या साध्या आवाजात बोलले, की बारा गाड्यांपर्यंत ऐकू गेलं. "बोल्टाच्या भोकापासनं चीर गेलीया. आजच्या आज उतरवा. चालवू नका घरापातूर."

मास्तरांनी काय करावं? चाक तिथल्या तिथं उतरवलं, मेस्त्रींनी वडापचं एक चाक देतो म्हणून सांगितलं, दोघं रिक्षानं उद्यमनगरात गेले. चिरलेलं चाक मास्तरांनी गाडीच्या हौद्यात टाकून दिलं होतं. परत येऊन बघतात तर त्या चाकाभोवती कोंडाळं. सराफांनी आकडा बोलून टाकला होता. बांधकामवाल्यांनी दुप्पट केला. वकील म्हणत होते, डॉजला बसत नसलं तरी चालेल, भिंतीवर लावतो.

मास्तरांनी अजून चाक दिलेलं नाही. भाव चढतोय. आणि सोमवारपासून उद्यमनगरात मेस्त्रींच्या दारात एक नवंच गिऱ्हाईक यायला लागलंय. आडून आडून विचारतं, "मामा, चांगल्या चाकाला बारीकशी चीर पाडून मिळंल काय?"